वैलावर ठेवलेले सेल

सहदेव मेहरेला गावात सहदेव म्हणून कुणी हाक मारत नाही. तेल्हारा तालुक्यातलं हे गाव नावं ठेवण्यात मोठं पटाईत. इथं चांगल्या माणसाला चांगलं नाव फार दिवस टिकत नाही. सहदेवला सगळे ‘तनमोराचा’ म्हणतात. बाजाराच्या दिवशी तो भेंडी घेऊन बसलेला दिसला नाही, की गिऱ्हाईक शेजारणीला विचारतं, ‘‘तनमोराचा आला नाई काय आज?’’ हे नाव त्यानं स्वतः कमावलेलं नाही. ते त्याच्या वडलांचं, नत्थुजींचं. जमिनीच्या तुकड्यासारखं वारसानं त्याच्याकडे आलं, आणि जमीन निदान विकता तरी येते.

गावाच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अंगाला, सरकारी गवताळ पडीक आहे. इकडे सगळे तिला ई-क्लास म्हणतात. मेहऱ्यांचा भाजीचा मळा तिच्या कडेलाच. नत्थुजी तरणेबांड होते तेव्हाची गोष्ट. पावसाळ्यातल्या एका सकाळी वांगी तोडता तोडता त्यांना गवतातून एक काळा पक्षी उभाच्या उभा वर उसळताना दिसला. पुरुषभर उंच गेला, पंख फडफडवले आणि धपकन खाली पडला. थोड्या वेळानं पुन्हा उसळला. डोक्यामागं बारीक लांब पिसं, पंखाला पांढरा डाग. नत्थुजींचा आजा सांगायचा, की या माळावर पूर्वी तणमोर नाचायचा. तोच हा, नत्थुजींनी ओळखलं. वांग्याची पाटी तिथंच टाकून ते गावात धावत आले आणि पारावर बसलेल्या यच्चयावत माणसांना त्यांनी ही बातमी दिली.

तेव्हा नत्थुजी बोलके होते. तोंडानं गोड, गळ्यानं मोठे, लग्नात पंगतीला आग्रह करायला त्यांनाच उभं करत. त्यांचं बोलणं पसरत पसरत अकोल्यापर्यंत गेलं आणि तिथून पक्ष्यांची जाणकार मंडळी जीप घेऊन आली. गावानं त्यांना बेसन-भाकर खाऊ घातली, ठेचा वाढला. मंडळी छत्र्या धरून गवतात बसली. पाऊस पडला, डास चावले, टिटव्या ओरडल्या. तणमोर काही आला नाही. मंडळी गेली. जीप वळणाआड व्हायच्या आत खुशालराव पारावरून म्हणाले, ‘‘नत्थूनं टिटवी पाह्यली आन् तिले तुरा लावला.’’

खुशालराव म्हणजे गावातला मोठा शेतकरी, आणि त्याहून मोठा थट्टेखोर. सगळा पार हसला. त्या हसण्यानं नत्थुजींचं आयुष्य खाल्लं, असं म्हटलं तर तुम्हांला अतिशयोक्ती वाटेल. पण पुढं धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, एका भांडणात नत्थुजी डोळ्यांनी पाहिलेलं सांगायला उभे राहिले, तर समोरचा म्हणाला, ‘‘ज्यानं तनमोर पाह्यला त्याची साक्ष कायले घेता?’’ आणि पंच हसले. त्या दिवसापासून नत्थुजींनी बोलणं टाकलं. मळ्यात जायचे, यायचे, जेवायचे. पंगतीला आग्रह करायला दुसरा कुणीतरी उभा राहू लागला. ते फक्त कधीकधी, मळ्यात एकटे असले की, घशातून बेडकासारखा ‘टर्र’ असा आवाज काढायचे. पोरवयाचा सहदेव लपून ते ऐकायचा. बाप वेडा आहे की काय, अशी त्याला भीती वाटायची, आणि भीती वाटली याची लाजही वाटायची.

पुढं सहदेव शिकायला अमरावतीला गेला. स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये बसला आणि सगळ्यांसारखा नापास झाला. मग धर्मेंद्रच्या फोटो स्टुडिओत लागला. धर्मेंद्र म्हणजे लग्नं, बारशी, पुढाऱ्यांचे वाढदिवस असं सगळं टिपणारा, तोंडानं फटकळ पण मनानं साफ माणूस. सहदेव आधी त्याचे दिवे धरायचा, मग अल्बम चिकटवायचा, मग कॅमेरा धरू लागला. दर रविवारी मात्र तो वडाळीच्या तलावावर जाऊन बसायचा, बगळ्यांचे आणि खंड्यांचे फोटो काढायचा. पोराला छंद आहे, असं लोक म्हणायचे. छंद कसला! तलवार चालवायला शिकणारा माणूस आधी केळीचे खुंट कापतो, तसे ते बगळे होते. त्याला फोटो हवा होता तो एकाच पक्ष्याचा, एकाच माळावरचा.

नत्थुजींना लकवा झाला तेव्हा सहदेव अमरावती सोडून गावी आला. बापाची उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती. येताना सहदेवनं धर्मेंद्रकडून त्याचा वापरलेला मिररलेस कॅमेरा आणि हातभर लांबीची टेलिलेन्स आणली. शहरातून येताना माणसं कूलर आणतात. यानं तोफ आणली, असं गाव म्हणालं. कॅमेरा एवढासा आणि लेन्स एवढी, अगदी नाकापेक्षा मोती जड.

धर्मेंद्रनं देताना बजावून सांगितलं होतं. ‘‘हे पाह्य सहदेव, जुन्या कॅमेऱ्यात आरसा होता. काचेतून उजेड यायचा, आरशावून डोयात जायचा. त्याले करंट लागत नव्हता. दिवसभर पाहत बस, बॅटरीले पत्ताच नाई. याच्यात आरसा नाई. तू डोया लावून जे पाहून राह्यला नं, तो आतला टीव्ही हाय. फोटो काढ का नोको काढू, तू पाहून राह्यला म्हंजे बॅटरी जाऊन राह्यली. आन् हा भोंगा? याच्यात फोकसची मोटर, हात हालला त काच सावरनारी मशीन. सगये एकाच ताटात जेवनारे. वाघाच्या मांगं फिरनारे लोक खिसे भरून बॅटऱ्या नेतात.’’

सहदेवकडे खिसाभर नव्हत्या. कॅमेऱ्यासोबत आलेली एक अस्सल होती, आणि दोन डुप्लिकेट. डुप्लिकेटचा काही भरवसा नव्हता. अर्धी आहे म्हणून दाखवता दाखवता माना टाकायच्या. पॉवर बँक लावून चालणारे कॅमेरे नंतर आले, हा त्यातला नव्हता. याला भिंतीतलंच बटण लागायचं आणि बटणात वीज लागायची. आपल्याकडे पावसाळ्यात विजेचं काय असतं, ते मी सांगायची गरज नाही.

यंदाच्या पावसाळ्याच्या तोंडी अकोल्याच्या डॉक्टरांनी सहदेवला बाजूला घेऊन सांगितलं, की दुसरा झटका कधीही येऊ शकतो आणि तो आला तर हाती फार काही राहणार नाही. परतीच्या एसटीत सहदेव खिडकीशी बसून रडला. बाप जाईल हे त्याला कळत होतं. बाप सगळ्यांचेच जातात. पण बाप फेकू ठरून जाईल, हे त्याला सहन होत नव्हतं. नत्थुजींच्या मयतीलाही कुणीतरी तणमोराची गोष्ट काढील आणि खांदा देता देता माणसं हसतील, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

आणि श्रावणात एका सकाळी भेंडी तोडताना त्यानं तो आवाज ऐकला. टर्र. माळाच्या अंगानं. मग थोडी शांतता, आणि पुन्हा त्याच जागेवरून टर्र. बेडूक असा थांबून थांबून, मोजल्यासारखा ओरडत नाही. सहदेव चिखलाच्या पायांनी घरात धावला, खाटेजवळ बसला आणि त्यानं घशातून तसाच आवाज काढला. नत्थुजींचे डोळे एकदम मोठे झाले. डाव्या हातानं त्यांनी पोराचं मनगट धरलं.

‘‘त्योच,’’ ते म्हणाले. ‘‘त्योच व्हय.’’

त्या दिवसापासून सहदेवला दुसरं काही सुचेना. बायको मंजुषा पहिल्या बाळंतपणाला बडनेऱ्याला माहेरी गेली होती, ते एका परीनं बरंच झालं. भेंडी झाडावर जून होऊ लागली. हा पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन उजाडताच गवतात जाऊन बसायचा, तोफेवर मेणकापड टाकायचा आणि डोळा लावायचा. पण डोळा लावला की बॅटरी जायची. दिवस वर येईतो पहिली संपायची, मग दुसरी. बॅटरी वाचवायला कॅमेरा बंद करावा, तर नेमका तेव्हाच डावीकडून टर्र ऐकू यायचं आणि गवताच्या शेंड्यावर काहीतरी काळं हलून जायचं. घाईनं कॅमेरा चालू करावा, तो जागा व्हायचा, लेन्स घरघर करत फोकस शोधायची, आणि तोवर गवत पुन्हा स्तब्ध. जागं ठेवलं तर जीव जातो, झोपवलं तर पक्षी जातो, असा तो तिढा होता. पक्षी काही बॅटरीकडे पाहून उडत नव्हता.

रोज संध्याकाळी नत्थुजी दाराकडे डोळे लावून पडलेले असायचे. सहदेव आत आला की ते काही विचारायचे नाहीत, नुसते बघायचे. सहदेव मान हलवायचा. बापाला रोज ‘नाही’ म्हणण्यासारखं दुसरं दुःख नाही.

मग वादळ झालं आणि गावाची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. ती बदलायला माणसं येणार, आज येणार, उद्या येणार, असं सुरू झालं. सहदेव बॅटऱ्या आणि चार्जर पिशवीत घालून तेल्हाऱ्याला किशोरच्या मोबाईलच्या दुकानात जायचा, भरून आणायचा. त्यानंतर पाऊस असा लागला, की नाल्याला पूर येऊन तेल्हाऱ्याचा रस्ताच तुटला. घराघरांतले मोबाईल एक एक करून मेले. सहदेवजवळ आता एकच भरलेली बॅटरी राहिली, ती डुप्लिकेट. दुसरी डुप्लिकेट रिकामी, आणि कॅमेऱ्यात बसलेल्या अस्सल बॅटरीचा लाल दिवा लुकलुकत होता.

त्या दिवशी मात्र त्यानं माळावर एक गोष्ट हेरली होती. आवाज आता वेगवेगळ्या जागांवरून येत नव्हता. पक्ष्यानं एका बुटक्या बोरीजवळची जागा धरली होती, तिथूनच तो ओरडत होता. तणमोर एकदा जागा धरतो, मग पुन्हा पुन्हा तिथूनच उडतो, असं सहदेवनं वाचलं होतं. अंगात कणकण होती, डोळे जळत होते, पण घरी येऊन तो बापाजवळ बसला आणि पहिल्यांदा हसला.

‘‘जागा सापडली बाबा. उद्या सकायी होते काम. दोन बॅटऱ्या त मेल्या, पन एक हाय भरेल. तेवढीले काई होऊ देत नाई मी.’’

त्यानं भरलेली आणि रिकामी, दोन्ही डुप्लिकेट बॅटऱ्या स्टीलच्या डबीत ठेवल्या, डबी फळीवर ठेवली, तापाची गोळी घेतली आणि दिवेलागणीलाच झोपून गेला.

इथं एक गोष्ट तुम्हांला ठाऊक असायला हवी. वऱ्हाडात ज्यानं शेताची जागल केली आहे, त्याला ती ठाऊकच आहे. रानडुकरं हाकायला माणसं बॅटरी घेऊन शेतात जायची, म्हणजे टॉर्च, तीन सेलांची. सेल उतरले की फेकायचे नाहीत. दिवसभर टिनावर उन्हात ठेवायचे. तापले की त्यांत थोडा जीव यायचा, आणखी एक रात्र पिवळा का होईना उजेड पडायचा. ऊन नसलं, तर चुलीच्या वैलावर ठेवायचे. चुलीच्या बाजूचं ते दुसरं तोंड, जिथं भाजी नुसती ऊन राहते. नत्थुजी या कामात वस्ताद होते. मेलेले सेल ह्या हातानं जिवंत केले, असं ते म्हणायचे, आणि लहानपणी सहदेवनंच ते सेल टिनावर ओळीनं मांडलेले होते.

पोरगा झोपला. खाटेवर पडल्या पडल्या नत्थुजींच्या डोक्यात एकच वाक्य फिरत राहिलं, दोन बॅटऱ्या मेल्या. वर्षं झाली, त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, त्यांच्या हातून कुणाचं काही झालं नव्हतं. आणि मेलेले सेल जिवंत करणं तर त्यांना येत होतं. त्यांनी पार्बताबाईंना, आपल्या बायकोला, जड जिभेनं हाक मारली.

सकाळी सहदेव उठला तो ताप उतरून हलका झालेला. पाऊस थांबला होता. त्यानं कॅमेरा घेतला, फळीवर हात घातला. डबी रिकामी होती.

‘‘माय, इथल्या बॅटऱ्या कुटी गेल्या वं?’’

पार्बताबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांचा चेहरा असा, जणू एखाद्या लेकराला नजर लागू नये म्हणून काजळ लावलं आणि आता त्याला बघत आहेत. ‘‘ह्या काय, वैलावर. तुह्या बाबानं सांगतलं. मेलेले सेल वैलावर ठेव म्हने, सकायपर्यंत जित्ते होतीन. रातभर चुलीत इंगय ठिवला मी.’’

‘‘दोनी?’’

‘‘दोनी सारख्याच दिसे मले. म्हनलं, भरेल असन तिच्यात आनखी भरन.’’

सहदेवनं वैलावरून त्या उचलल्या. बोटांना चटका बसला. दोन्ही पुरीसारख्या फुगल्या होत्या, कडेचं प्लास्टिक उकललं होतं. त्यानं भरलेली कॅमेऱ्याच्या खाचेत घालून पाहिली. ती गेली नाही. दाबली, तरी गेली नाही. तिच्यातून गोडसर, डोक्यात जाणारा वास आला, तेव्हा त्यानं ती अंगणातल्या चिखलात दूर ठेवून दिली. पार्बताबाईंना काही कळलं नव्हतं, पण पोराच्या तोंडाकडे पाहून त्यांनी पदर तोंडाला लावला.

सहदेवच्या तोंडात शब्द आला होता. घर हलवील असा शब्द होता तो. तेवढ्यात आतून हाक आली.

‘‘सहदेवा... झाले काय रे... सेल गरम?’’

नत्थुजी मान उचलून दाराकडे पाहत होते. लकवा झाल्यापासून त्यांच्या तोंडावर असं काही दिसलं नव्हतं. अर्धंच तोंड हसत होतं, कारण अर्धंच चालत होतं.

सहदेवनं तो शब्द गिळला. ‘‘झाले बाबा,’’ तो म्हणाला. ‘‘मस्त झाले.’’

आणि लाल दिव्याची ती एक बॅटरी कॅमेऱ्यात तशीच ठेवून तो माळाकडे पळत सुटला.

गवत ओलं होतं. बोरीपासून अंतर राखून तो पोटावर झोपला, तोफ मातीच्या ढिगावर टेकवली आणि कॅमेरा बंदच ठेवला. देवाचं नाव घ्यावं असं त्याला वाटलं, पण कोणत्या देवाकडे बॅटरीचं खातं असतं, ते त्याला आठवेना. टर्र आलं. अगदी बोरीजवळून. त्यानं कॅमेरा चालू केला, आतला टीव्ही उजळला, लाल दिवा लुकलुकला. लेन्सनं गवत धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. गवताच्या काड्यांमधून त्याला एक काळं डोकं दिसलं आणि त्यामागं वाऱ्यानं हलणारी पिसं. खरंच होतं! बापानं सांगितलं तसंच होतं, अगदी तसंच. डोकं आडवं झालं आणि गवतात बुडालं. आता उडेल. आता. त्यानं बोट बटणावर ठेवलं आणि थांबला. कॅमेरा बंद करावा का? बंद केला, पुन्हा चालू केला, तर चालू करण्यातच उरलासुरला जीव जायचा. चालू ठेवला तर बसल्या बसल्या जायचा. उड रे बापा, तो मनात म्हणाला. उड. माझ्या बापासाठी उड.

समोर काळोख झाला.

त्याला आधी वाटलं, आपलेच डोळे मिटले. मग कळलं. त्यानं बटण दाबलं, बॅटरी काढली, हातात घासली, फुंकर मारली, पुन्हा घातली. लाल दिवासुद्धा लागला नाही. आरशाचा जुना कॅमेरा असता तर मेल्यावरही निदान काचेतून दिसलं असतं. हा मेला तो डोळे मिटून मेला.

आणि तेव्हा तो उडाला.

गवतातून उभाच्या उभा, काळाभोर, पंखांचं पांढरं चमकवत. वर जाऊन क्षणभर लटकला, पंख फडफडले, मान मागं गेली, आणि पाय लोंबकळवत, कुणी फेकून दिल्यासारखा खाली पडला. सहदेवनं तोफ बाजूला सारली आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. तो पुन्हा उडाला. पुन्हा पडला. ऊन येईपर्यंत तो उडत राहिला, आणि सहदेव ओल्या मातीत हनुवटी टेकवून, आवाजानं तो जाऊ नये म्हणून मूठ दातात धरून, रडत राहिला. इतकं सुंदर काही त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि ते पाहण्याचा त्याला एवढा राग कधी आला नव्हता.

त्यानंतर नाला उतरला. डीपी बदलली, वीज आली. बैल गेला आणि झोपा केला. अस्सल बॅटरी शिगोशीग भरली. ती घेऊन सहदेव रोज माळावर बसला. बोर होती, गवत होतं, टिटव्या होत्या. टर्र पुन्हा ऐकू आलं नाही. पक्षी कुठं गेला, का गेला, ते त्यालाच ठाऊक.

घरी सहदेव रोज ‘आज उजेड नव्हता’, ‘आज फोटो हालला’ असं काहीबाही सांगत होता. नत्थुजी खाणं कमी करत चालले होते. एका दुपारी त्यांनी पाणीही नको म्हटलं. पार्बताबाई न्हाणीत जाऊन रडल्या. आणि मग सहदेवनं ते केलं, जे त्याच्या बापानं जन्मात केलं नव्हतं. मोबाईलवर शोधून, कुणा परप्रांतातल्या माणसानं काढलेला, हवेत उसळलेल्या तणमोराचा फोटो त्यानं उतरवून घेतला आणि खाटेजवळ जाऊन बसला.

‘‘बाबा. हे पाहा.’’

नत्थुजींनी डाव्या हातानं मोबाईल धरला. बराच वेळ ते पाहत राहिले. पक्ष्याकडे पाहिलं, आणि मग नजर खाली सरकली.

‘‘माहे सेल... चालले काय?’’

‘‘चालले बाबा. त्यायच्यानंच त निंगाला फोटो.’’

नत्थुजी पुन्हा बघू लागले. मग त्यांनी मोबाईल पोटावर पालथा ठेवला.

‘‘हे गवत आपलं नोय,’’ ते म्हणाले.

सहदेवला वर बघता येईना. बाहेर कुठंतरी पंप सुरू होता, त्याचा आवाज येत राहिला.

‘‘सेल जयले,’’ नत्थुजी म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले. ‘‘माह्यानं जयले.’’

‘‘नाई बाबा, तसं नाई. डुप्लिकेटच होत्या त्या...’’

‘‘तू पाह्यला?’’

‘‘हो.’’

‘‘तुह्या डोयानं?’’

‘‘माह्या डोयानं पाह्यला बाबा. बोरीपाशी. लय वेळा.’’

नत्थुजींनी डोळे बारीक केले. ‘‘खाली कसा येते?’’

‘‘पाय लोंबवत,’’ सहदेव म्हणाला. ‘‘कोनं फेकून देल्यावानी. धपकन.’’

म्हाताऱ्याच्या छातीतून लांब श्वास बाहेर आला. एवढ्या वर्षांत हे त्यांना सांगणारं दुसरं माणूस भेटलं नव्हतं. त्यांनी पोराचं मनगट धरलं, त्या पहिल्या सकाळी धरलं होतं तसं. सहदेवला वाटलं, आता बाबा हसतील. पण त्यांच्या डोळ्यांत हसू नव्हतं, भीती होती, आणि पकड इतकी घट्ट होती की मनगट दुखलं.

‘‘कोनाले सांगू नोको,’’ नत्थुजी म्हणाले. ‘‘आयकलं काय? गावात कोनाले सांगू नोको. तुले लेकरू होऊन राह्यलं.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी सहदेव दारापुढं गाडीत भेंडीची पोती चढवत होता. नत्थुजींच्या खोलीची खिडकी रस्त्यावरच उघडते. खुशालराव काठी टेकत चालले होते, मागं दोघं-तिघं. खुशालराव आता म्हातारे झाले आहेत. दात गेले, थट्टा गेलेली नाही.

‘‘काय बे तनमोराच्या,’’ ते थांबून म्हणाले. ‘‘लय दिवस गवतात बसला होता म्हने. दिसलं काय तुह्या बापाचं पाखरू?’’

सहदेवच्या हातात पोतं होतं. नाही म्हणणं सोपं होतं. बापानंच तसं सांगितलं होतं. नाही म्हटलं असतं तर खुशालराव पुढं गेले असते, भेंडी वेळेवर बाजारात गेली असती आणि होणाऱ्या लेकराला एखादं दुसरं नाव पडलं असतं. त्यानं पोतं खाली ठेवलं.

‘‘दिसला,’’ तो म्हणाला.

‘‘अस्सं! मंग फोटू दाखव नं. एवढी तोफ नेली होती.’’

‘‘फोटो नाई. बॅटरी गेली.’’

खुशालरावांनी मागच्या माणसांकडे पाहिलं. आधी एक हसला, मग सगळे हसले. मनात काही वाईट नसतं त्यांच्या. सकाळची वेळ, पाऊस उघडलेला, हसायला काहीतरी मिळालं होतं. ‘‘बापाच्या टायमाले जीप होती, पोराच्या टायमाले बॅटरी,’’ असं म्हणत खुशालराव पुढं गेले, आणि वळणापर्यंत ते हसणं ऐकू येत राहिलं.

सहदेव आत गेला. नत्थुजी जागे होते. खिडकीतून सगळं आत आलं होतं. डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळलं होतं आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नव्हता.

‘‘काहून सांगतलं रे?’’ ते म्हणाले. ‘‘म्या नाई म्हनलं होतं नं तुले.’’

‘‘खरं होतं म्हून सांगतलं, बाबा.’’

नत्थुजींनी मान भिंतीकडे फिरवली.

‘‘म्या बी तवा खरं होतं म्हूनच सांगतलं होतं,’’ ते म्हणाले.